उजव्या पायाचा गुण

माझी नात फुटबॉल खेळते. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या मागे प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं मैदान आहे, त्याला टर्फ म्हणतात, आणि त्यावर ती जाड बूट घालून संध्याकाळभर पळते. मागच्या महिन्यात तिची टाच दुखायला लागली. माझी लेक तिला लगेच खेळाडूंच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सोबत मीही गेले. डॉक्टर म्हणजे मला तर कॉलेजातला मुलगाच वाटला. त्याने टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली, नात "आई गं" म्हणाली, तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली. दुखण्याला कुठल्याशा परदेशी डॉक्टरचं नाव आहे म्हणाला, वाढत्या वयात होतं, घाबरू नका, आणि बुटात घालायला मऊ गाद्या दिल्या. रिक्षात बसायच्या आत सगळं संपलं होतं. नातीने विचारलं, "आजी, तू का गप्प झालीस?" मी म्हटलं, हेच दुखणं तुझ्या वयाची असताना मला झालेलं, फक्त ते कळायला आमच्याकडे कित्येक महिने गेले आणि निम्म्या डोंबिवलीला त्यात लक्ष घालावं लागलं. ती म्हणाली, "काहीही फेकतेस हं आजी." म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी जिचे पाय आधी बाहेर आले अशी. हल्लीच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. आमच्या लहानपणी पायाळू माणसाला मान होता. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबरेत चमक आली, की पायाळू माणसाने दुखऱ्या जागी पाय लावायचा, तीन वेळा, आणि तेवढा वेळ कुणी एक शब्द बोलायचा नाही. दुखणं जातं. नाही गेलं तर कुणीतरी मध्येच बोललं असणार. पायाळूच्या अंगावर वीज पडते असंही म्हणत, त्यामुळे आभाळ गडगडलं की मला पलंगाखाली बसवून ठेवत. वीज काही आली नाही. पाठी मात्र येत राहिल्या.

आमचं घर म्हणजे डोंबिवलीतल्या एका दुमजली चाळीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाबा ठाण्याला कोर्टात कारकून होते. आई होती, आम्ही तिघी बहिणी होतो, त्यातली मी धाकटी, आणि बाबांची बहीण, कुमुदआत्या. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला आणि सासरच्यांनी तिला एका ट्रंकेसकट आमच्याकडे परत पाठवलं. माझ्या जन्माची घरातली साक्षीदार ती एकटीच. बाबा तेव्हा ऑफिसात होते, सुईण पुढे तिच्या गावी निघून गेली, आणि आईला विचारलं तर ती म्हणायची, "मला त्या वेळी दिशा कळत नव्हत्या." तेव्हा मी पायाळू हे आत्याच्या शब्दावर. त्यातही उजवा पाय आधी आला आणि गुण त्यातच आहे, हेही तिनेच सांगितलेलं.

हे सगळं खातं आत्या सांभाळायची. सकाळी मी तोंड धुऊन येईपर्यंत बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असे आणि तिच्यावर कुणीतरी पालथं पडून कण्हत असे. आत्या ओठांवर बोट ठेवी. पलीकडच्या खोलीतला आईचा स्टोव्हसुद्धा तेवढ्यापुरता खाली येई, खालच्या नळावरच्या बादल्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मी उजवी टाच पाठीवर टेकवून दाबायचे. मग आत्या म्हणायची, "आता एका अंगावर वळा. हाताने रेटा देऊन उठा. दोन दिवस वजन उचलू नका." माझ्या पाठीसाठी अलीकडेच एका फिजिओथेरपिस्टकडे गेले होते, तिनेही शब्दशः हेच सांगितलं. पैसे मात्र घ्यायचे नाहीत, पैसे घेतले की गुण जातो. लोक मग काहीबाही आणून ठेवत. शेवग्याच्या शेंगा, अळूची पानं, घरच्या झाडाचे चिकू. आमच्या चाळीच्या मालकीणबाई हौसाबाई, मूळच्या इथल्याच, एके काळी मिठागरं आणि भातशेती असलेल्या, त्या आल्या की सुकी मांदेली आणि पिशवीभर वाल ठरलेले. रविवारी आमच्याकडे काय शिजणार हे शनिवारी कुणाची पाठ धरली यावर अवलंबून असे.

बाबांना यावर त्यांचं मत कुणी विचारलं तर ते म्हणत, "पुरावा नाही. पण तक्रारही नाही." माझ्या दोन्ही बहिणी माझ्याहून हुशार, दिसायला बऱ्या आणि कामाला वाघ होत्या. पण नळावरून हंडे त्यांनी आणायचे आणि मी पाय जपायचा. पाहुणे आले की त्या दोघींची नावं सांगितली जात आणि मला मात्र पुढे बोलावून दाखवलं जाई. मी अभ्यासात जेमतेम होते, गाणं नव्हतं, रंग सावळा. पायाशिवाय माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मला फार लवकर कळलेलं होतं.

त्या पायाला दुसरा एक उद्योग मिळाला, तो खो-खोचा. शाळेचं मैदान म्हणजे दाबून बसवलेला मुरूम, आणि आम्ही त्यावर अनवाणी खेळायचो. बूट घालून खो-खो खेळणं म्हणजे मोजे घालून जेवायला बसण्यासारखं मानलं जाई. पीटीचे दामले सर आम्हाला शिकवत. संघात बारा मुली, त्यातल्या नऊ खेळायच्या आणि बाराही लंगडायच्या. सुषमाचं बोट खो देताना वाकडं झालं तेव्हा सरांनी ते जागच्या जागी ओढून सरळ केलं. ते अजूनही जरा बाहेर बघतं, परवा एका लग्नात तिने मला दाखवलं. गीता सूर मारताना हातावर पडली, मनगट लचकलं म्हणून तिच्या घरचे आठवडाभर त्यावर गरम तेल चोळत होते, मग कळलं की मोडलंय. कुणाच्या गुडघ्याखाली टेंगूळ यायचं, कुणाच्या पोटरीत गोळा. सरांच्या औषधाच्या पेटीत आयोडीन होतं, सगळ्यांत मिळून एक बँडेज होतं, आणि बाकी सगळ्यावर एकच औषध होतं: "पळून काढ." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. ते स्वतःही सगळं पळूनच काढत.

मी पाठलागात तरबेज होते. समोरची मुलगी खांबापाशी वळून निसटायला बघायची तेव्हा उजव्या पायावर जोर देऊन मी सूर मारायचे, आणि ती बहुधा सापडायची. सर म्हणत, "पायाळू आहे ती, तिच्या पायाला डोळे आहेत." त्या वर्षी आमचा संघ ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत जाणार असं दिसायला लागलं, आणि नेमकी तेव्हाच टाच दुखायला लागली. आधी फक्त खेळून आल्यावर दुखायची. मग सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना. मग अशी वेळ आली की मी टाच टेकायचेच नाही, चवड्यावर चालायचे. टाच सुजलेली नव्हती, निळी पडलेली नव्हती, बघणाऱ्याला काही दिसतच नव्हतं. सांगितलं असतं तर सरांनी संघातून काढलं असतं, आणि घरी सांगणं त्याहून कठीण. ज्या पायाने लोकांची दुखणी जातात तो पाय दुखतो, हे सांगणार कसं? मला ठाण्याची फायनल खेळायची होती. तोवर दम धरायचा असं मी ठरवलं.

आईला ते कानाने कळलं. आमच्या चाळीचा जिना लाकडी होता आणि कोण वर येतंय हे तिला स्वयंपाकघरात बसून समजे. बाबांचं पाऊल दमलेलं, दूधवाल्याचं घाईचं. एके दिवशी मी घरात शिरले तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नंदे, उजवा पाय का वाजत नाही तुझा?" मी म्हटलं, खडा बोचला. दुसऱ्या दिवशीही तिने विचारलं. तिसऱ्या दिवशी माझा खडा संपला आणि मी खरं सांगून टाकलं.

आत्याने ते ऐकलं, टाच हातात न घेता नुसती लांबून बघितली, आणि तिला सगळा उलगडा झाला. "अगं, एवढ्या लोकांची दुखणी ओढून घेतलीत या पायाने. ती जाणार कुठे? टाचेत साठलीत." आईने विचारलं, आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावू का? आत्या म्हणाली, लेप लावला तर गुण उतरेल. मग उपाय काय? उपाय म्हणजे साठलेलं दुखणं जमिनीत सोडायचं. अनवाणी, जितकं पळता येईल तितकं पळायचं. दामले सर आणि आत्या आयुष्यात कधी भेटले नव्हते, पण दोघांचं औषध एकच निघालं. दोन वडीलधाऱ्या माणसांनी तेच सांगितल्यावर मी दुप्पट पळायला लागले. हल्ली मुलांच्या खेळाबद्दल पेपरात लेख येतात, त्यात दुखत असताना खेळू नका असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचताना मला आत्याचा चेहरा आठवतो. ती ते छापणाऱ्याला चहा देऊन नीट समजावून सांगायला बसली असती.

ठाण्याच्या स्पर्धेला आईने डब्यात दडपे पोहे दिले होते आणि आत्याने पायावरून मीठमोहऱ्या उतरवल्या होत्या. सकाळी उपांत्य सामना झाला. मी खेळले, तिघींना बाद केलं, आणि प्रत्येक उडीला टाचेतून कळ थेट पोटरीत जात होती. सामना संपल्यावर मैदानाकडेच्या बदामाच्या झाडाखाली आम्ही डबे उघडत होतो. दुपारी फायनल होती. तेवढ्यात दामले सर पाण्याची बादली उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"सर?" सुषमाने विचारलं.

"उसण," सर जमिनीकडे बघत म्हणाले. "कुणी हात लावू नका. नंदाला बोलवा."

त्यांना कसंबसं चटईवर पालथं घातलं. इतर शाळांच्या मुली, त्यांचे सर, पाणीवाला, सगळे गोळा झाले. मी उभी राहिले. सुषमाने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघितलं, आणि एवढं मोठं मैदान गप्प झालं. डाव्या पायावर तोल सांभाळत मी उजवी टाच सरांच्या कंबरेवर टेकवली. पहिल्यांदा दाबली, तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्यांदा दाबली, तेव्हा मी ओठ चावला. सर खालून दात आवळून म्हणाले, "जोर लाव जरा, घाबरू नकोस." म्हणजे खरं तर ते बोलले, पण सर म्हणून कुणी हरकत घेतली नाही. तिसऱ्यांदा मी सगळा भार टाचेवर दिला आणि अशी किंचाळले की झाडावरचे कावळे उडाले. सर ताडकन उठून बसले. त्यांची उसण गेली होती. मी चटईवर पडले होते आणि पाय धरून रडत होते, अगदी लहान मुलीसारखी, सगळ्यांसमोर.

पलीकडच्या शाळेचे सर म्हणाले, "पायाळू आहे ना ती? मग तिला काय होणार? उठेल." पण दामले सरांनी माझी टाच हातात घेतली. त्या पायाला आजवर शेकडो पाठी लागल्या होत्या, हात कुणी लावला नव्हता. त्यांनी नुसतं बोट टेकवलं आणि मी पुन्हा ओरडले. सरांचा चेहरा उतरला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. या वेळी ते पळून काढ म्हणाले नाहीत.

फायनल मी ओल्या टॉवेलात पाय गुंडाळून बाकावर बसून बघितली. माझ्या जागी राखीवमधली मालती खेळली. संघ जिंकला. मला त्याचं फार वाईट वाटलं. आपल्यावाचून अडलं नाही हे समोर बसून बघणं टाचेपेक्षा जास्त दुखतं, हे मी आज इतक्या वर्षांनीही सांगू शकते. निघताना सरांनी मला पाठुंगळीला घेतलं. त्यांची पाठ ठणठणीत होती.

संध्याकाळी आईने जिन्यावर माझा एकच पाय ऐकला. ती दारात आली, सरांच्या खांद्याला धरून लंगडी घालत चढणारी मी तिला दिसले, आणि आमच्या घरात सहसा न घडणारी गोष्ट घडली. आईने आत्याला विचारलं नाही, सांगितलं. "वन्सं, उद्या हिला कल्याणला हाडांच्या डॉक्टरकडे नेणार आहे." आत्या म्हणाली, "मीही येते."

कल्याणच्या डॉक्टरांनी टाच चिमटीत धरून दाबली, तशीच, जशी मागच्या महिन्यात त्या पोरसवदा डॉक्टरने नातीची दाबली. मग हाडाचा फोटो काढायला लावला. तो उजेडासमोर धरल्यावर आत्याने झटकन बोट दाखवलं, "ही बघा फट. फुटलंय हाड!" डॉक्टर म्हणाले, "फुटलेलं नाही. या वयात टाचेचं हाड दोन तुकड्यांत असतं, मधला भाग मऊ असतो, तिथून ते वाढतं. पोटरीची शीर नेमकी तिथेच ओढते. कडक जमिनीवर अनवाणी उड्या मारल्या की तो भाग दुखावतो. ही फट सगळ्याच मुलांच्या टाचेत असते."

"सगळ्यांच्या?" आत्याने विचारलं.

"सगळ्यांच्या. हिचा पाय अगदी इतर मुलांसारखा आहे."

आत्या खुर्चीत मागे टेकून बसली. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत पळणं बंद, उड्या बंद, अनवाणी चालणं बंद, थंड पाण्याने शेक, आणि टाचेखाली काहीतरी मऊ. वाढ पूर्ण झाली की हाड जुळेल आणि दुखणं कायमचं जाईल. मग त्यांनी विचारलं, "या पायाने आणखी काही करते का ही?" आईने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. शेवटी आत्यानेच सगळं सांगितलं, सतरंजीपासून. डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण लावत होते. "किती लोकांना?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "येतील तेवढ्यांना." डॉक्टर म्हणाले, "तेही बंद."

बाबांनी जुन्या रबरी चपलेची टाच कापून माझ्या कॅनव्हासच्या बुटात चिकटवली. आई माठातल्या पाण्यात फडकं भिजवून पाय मांडीवर घेऊन बसायची. चाळीत बातमी पसरली की नंदाचा पाय बंद आहे. लोक समजूतदार होते. कुणी फक्त चौकशीला येत आणि निघताना कंबरेवर हात ठेवून हळूच विचारत, डाव्या पायाने काही होतं का. यावर खालच्या मजल्यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पायाळू म्हणजे दोन्ही पाय पायाळू. दुसऱ्याचं म्हणणं, मग उजव्याचं एवढं काय होतं? आत्या कुणालाच उत्तर देत नव्हती. ती त्या दिवसांत फार कमी बोलायची, वाल सोलत बसायची.

मग एका सकाळी हौसाबाई आल्या. दोन्हीकडून दोन सुनांनी धरलेलं, चेहरा पांढरा पडलेला. खरंच असह्य दुखत होतं त्यांना. जिना चढतानाच त्यांचं कण्हणं ऐकून वरच्या गॅलरीत चाळ गोळा झाली.

"गो कुमुद, पोरीला बोलव," त्या म्हणाल्या. "सकालपासना उबी रवता येत नाय मना."

"तिला डॉक्टरांनी मनाई केलीय, हौसाबाई."

"डागतर जावदे. मी काय नाचाला सांगतंय तिला? नुसता टेकव म्हन पाय."

मी आतून ऐकत होते. हौसाबाईंना नाही म्हणणं म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं, डोक्यावरचं छप्पर त्यांचं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही पाय लावायचाच होता. इतके दिवस कुणी मला हाक मारली नव्हती. मी लंगडत बाहेर आले आणि म्हटलं, "लावते मी. तीनदाच तर." बूट काढायला वाकलेसुद्धा. आत्याने माझा दंड असा धरला की वळ उठले.

"ती पायाळू नाही," आत्या म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नंदा पायाळू नाही. डोक्याकडून झालीय, सगळी पोरं होतात तशी. मी होते तिथे, मी बघितलंय. मी तेव्हा खोटं सांगितलं. तिच्या पायात काही नाही. तिला सोडा आता."

आई दारात उभी होती, तिच्या हातातलं ओलं फडकं ठिबकत होतं. आत्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. तिला नवरा नव्हता, घर नव्हतं, नोकरी नव्हती, ती सतरंजी होती आणि तिच्यामुळे मिळणारा मान होता. ते तिने भर गॅलरीत उचलून फेकून दिलं.

हौसाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग कंबर धरून हसायला लागल्या, हसताना कळ येऊन डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिल्या. "पोरीसाठी किती खोटा बोलशील गो! सख्खी आय पन नाय बोलाची येवरा." आणि सुनांना म्हणाल्या, "चला. नको दुखवाला पोरीला. बरी झाली का येन." मागे वाल ठेवून गेल्या.

कुणाचाही, अगदी एकाचाही, आत्याच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत चाळीत तिचा मान दुप्पट झाला होता. भाचीच्या पायासाठी या बाईने चारचौघांत स्वतःला खोटं पाडून घेतलं, असं लोक एकमेकांना सांगत होते. बाबा घरी आल्यावर सगळं ऐकून म्हणाले, "कोर्टातही असंच होतं. साक्षीदार फिरला की लोकांना त्याचं पहिलंच खरं वाटतं." आणि हातपाय धुवायला गेले.

विश्वास बसला तो फक्त माझा. स्वयंपाकघरात आत्या मोड आलेले वाल सोलत बसली होती, तिच्यासमोर जाऊन मी विचारलं, "खरं का ते?"

"खरं."

"मग तेव्हा का सांगितलंस तसं?"

तिने दोन-चार वाल सोलले. "तुझे आजोबा गावाहून आले होते बघायला. तिसरीही मुलगीच म्हटल्यावर चहासुद्धा घेतला नाही. तुझे बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली. तू रडत होतीस आणि तुला कुणी उचलेना. मला दुसरं काही सुचलं नाही गं. मी म्हटलं, अहो, पायाळू आहे. प्रवासाने आजोबांची कंबर धरलेलीच होती. त्यांनी स्वतः उठून तुला घेतलं आणि माझ्याकडे देऊन पालथे झोपले. त्यांना बरं वाटलं."

"कसं काय बरं वाटलं?"

"ते मला विचारू नकोस. मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचे आले."

मला रडू आलं. टाचेचं नव्हतं ते. आपण कुणीतरी आहोत असं समजून इतकी वर्षं काढायची आणि मग कळायचं की आपल्याला फक्त कुणीतरी उचलून घ्यावं म्हणून हा सगळा घाट घातला होता, याचा राग आला. आत्याचाच राग आला होता, आणि मी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले, कारण माझ्यासाठी खोटं बोलणारी ती एकटीच होती. तिने वालाचे हात माझ्या केसांना लागू नयेत म्हणून कोपराने माझी पाठ थोपटली.

दिवाळी झाल्यावर कल्याणच्या डॉक्टरांनी पुन्हा टाच चिमटीत धरून दाबली. मी ओरडायच्या तयारीत होते, पण ओरडण्यासारखं काही झालं नाही. ते म्हणाले, हळूहळू खेळायला सुरुवात कर, बूट घालून. घरी आलो तर जिन्यात आई मागे थांबली आणि मला पुढे जाऊ दिलं. मला वाटतं तिला दोन्ही पावलं ऐकायची होती.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर आत्या पालथी पडली होती. आजवर तिने माझ्याकडून कधी पाय लावून घेतला नव्हता. का घेतला नव्हता ते आता मला कळत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"उसण भरलीय. कालपासून. लाव पाय."

"आत्या, तूच म्हणालीस ना की माझ्या पायात..."

"बोलू नकोस. बोललं की गुण येत नाही."

मी बूट काढला. आईने आत जाऊन स्टोव्ह खाली केला. मी उजवी टाच आत्याच्या कंबरेवर टेकवली आणि दाबली, आधी भीत भीत, मग नेहमीसारखी, मग सगळा भार देऊन. आत्या एका अंगावर वळली, हाताने रेटा देऊन सावकाश उठून बसली, आणि आम्ही दोघी एकदमच बोललो. मी विचारलं, "अजून दुखतंय?" आणि तिने विचारलं, "दुखली का गं टाच?" दोघींनीही नाही म्हटलं. त्यातलं एक उत्तर खोटं होतं. माझी टाच खरंच दुखली नव्हती.